गाणी पसंत, आवाज नापसंत: ‘डेथ मॅग्नेटिक’बद्दल चाहत्यांची तक्रार नेमकी काय होती

१२ सप्टेंबर २००८ रोजी मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम बाजारात आला. बँडची स्थापना १९८१ सालची, म्हणजे तोवर त्याला सत्तावीस वर्षे झाली होती आणि आधीच्या अल्बमनंतर चाहत्यांनी नव्या गाण्यांसाठी पाच वर्षे वाट पाहिली होती. पहिल्या तीनच दिवसांच्या विक्रीवर हा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. लांबलचक, वळणे घेणारी गाणी परत आली, आधीच्या अल्बममधून हद्दपार झालेले गिटारचे सोलो परत आले, म्हणून बहुतेक जुने चाहते सुखावले. आणि तरीही काही दिवसांतच अल्बमचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांना एकमेकांच्या प्रमाणात बसवण्याचे काम, नव्याने करून द्यावे, अशी मागणी करणाऱ्या एका ऑनलाइन निवेदनावर दहा हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

ही प्रतिक्रिया जरा अजब होती. कापड आवडले, बेतलेला नमुना आवडला, पण शिलाई तेवढी उसवून पुन्हा घालून द्या, असे शिंप्याला सांगावे, तशातला हा प्रकार होता. ज्येष्ठ कलावंताचे नवे काम आले की चाहते कुरकुरतातच, त्यांना पूर्वीचेच सगळे हवे असते, असे म्हणून अशा तक्रारी सहसा निकालात काढल्या जातात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. येथे मात्र ते स्पष्टीकरण लागू पडत नाही, कारण चाहत्यांच्या कानांना जे खटकले होते ते मोजून दाखवता येत होते. ते समजून घेण्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात थोडे शिरावे लागेल, पण त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

आवाज म्हणजे हवेतील दाबाचा चढउतार. सीडीवर ध्वनिमुद्रण करताना हा चढउतार दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवले जाते. या पायऱ्यांना वर आणि खाली हद्द आहे. सर्वांत वरच्या पायरीच्या पलीकडे संख्याच उरत नाही, म्हणून त्या हद्दीला छत म्हणणे योग्य ठरेल. ध्वनिफितीवर किंवा तबकडीवर मर्यादा ओलांडली तर आवाज हळूहळू बिघडत जातो. सीडीवर ती सोय नाही, तेथे लहरीचे डोके थेट छताला आपटते.

आता ड्रमवर मारलेला एक ठोका घ्या. त्याची लहर क्षणभरच, सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरती, खूप उंच उसळते आणि लगेच खाली येते. गाणाऱ्याचा आवाज आणि गिटारचा सलग गजर यांची पातळी त्यामानाने बरीच खाली असते. छताला डोके लागते ते या ठोक्याचे. कान मात्र एखादे गाणे किती मोठे आहे, हे क्षणिक उसळीवरून ठरवत नाही, सरासरी पातळीवरून ठरवतो. ज्याला आपली सीडी दुसऱ्याच्या सीडीपेक्षा मोठी वाजायला हवी आहे, त्याच्यासमोर म्हणून एकच वाट उरते: उसळ्या दाबायच्या आणि मग सगळेच वर उचलायचे. दाबण्याचे काम कंप्रेसर आणि लिमिटर ही उपकरणे करतात. वर्गाच्या सामूहिक छायाचित्राची कल्पना करा. खोलीचे छत ठेंगणे आहे. उंच मुलांना मान वाकवायला सांगितली आणि बुटक्यांना बाकावर, स्टुलावर चढवले, तर सगळी डोकी छताशी एका रेषेत येतील, छायाचित्र भरगच्च दिसेल, पण उंच कोण आणि बुटका कोण, हे मात्र कळायचे नाही.

इथवर केलेले दाबणे ही कलाच आहे, हे आवर्जून सांगायला हवे. कंप्रेसर न वापरलेले रॉकचे ध्वनिमुद्रण सापडणे कठीण, आणि योग्य प्रमाणात वापरला तर तो ड्रमला वजन देतो, गाणाऱ्याला वाद्यांच्या पुढे आणून उभे करतो. अडचण त्यापुढे सुरू होते. उसळ्या दाबूनही समाधान झाले नाही आणि सगळे आणखी वर ढकलले, तर लहरींचे शेंडे छताला लागून कापले जातात. तंत्रज्ञ याला क्लिपिंग म्हणतात. गोलसर माथ्याच्या जागी सपाट पठार उरते, आणि सपाट केलेल्या लहरीत मूळ वादनात नसलेले कर्कश स्वर आपोआप मिसळतात. आपल्याकडे मांडवातल्या कर्ण्याचा आवाज क्षमतेबाहेर वाढवला की लोक ‘आवाज फाटतोय’ म्हणतात, तीच ही गोष्ट. चाहत्यांच्या तक्रारीचे सार याच दोन शब्दांत येते, कारण ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये मोठ्या ठोक्यांच्या जागी आवाज फाटत होता.

पण इतक्या अनुभवी माणसांनी हे मुळात केले कशासाठी? याचे मूळ आपल्या कानातच आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना माणसाला खर्जाकडचे आणि अगदी वरचे स्वर त्यामानाने कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच गाणे किंचित मोठ्याने वाजवले तरी आपल्याला ते अधिक चांगले वाटते. आपण नकळत ‘मोठे’ म्हणजे ‘उत्तम’ असे धरून चालतो. रेडिओवर एकामागून एक गाणी लागतात, तेव्हा आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा फिके पडू नये, अशी प्रत्येक कंपनीची इच्छा असते. तबकडीच्या काळात या हौसेला भौतिक लगाम होता, कारण आवाज मोठा केला की खोबणी रुंद होते, एका बाजूवर मावणारी मिनिटे कमी होतात आणि सुई उडण्याचा धोका वाढतो. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर असा दंड नव्हता. पुढे १९९४ च्या सुमारास, येऊ घातलेली उसळी आधीच पाहून ती दाबणारे लिमिटर संगणकावर आले आणि शर्यतीला तोंड फुटले. दर वर्षी सीड्या थोड्याथोड्या मोठ्या होत गेल्या. छत तेथेच होते, त्यामुळे खालची मंडळी वर सरकत राहिली.

या शर्यतीची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. मी स्वतः ‘डेथ मॅग्नेटिक’ पहिल्यांदा ऐकला तो गर्दीच्या लोकलमध्ये, साध्या हेडफोनवर, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट चाकांचा खडखडाट भेदून प्रत्येक सूर कानापर्यंत पोहोचतो आहे, याचेच कौतुक वाटले. गोंगाटात ऐकायचे तर हळुवार भाग ऐकूच येत नाहीत, तेथे दाबलेला, सपाट आवाज उपयोगी पडतो. त्याच रात्री घरी, शांत खोलीत पुन्हा ऐकताना तिसऱ्या गाण्यापर्यंत कान शिणले. आवाज कमी केला तरी शीण जाईना, कारण शीण मोठेपणाचा नव्हता, उसंत न मिळाल्याचा होता.

ही सगळी चर्चा ‘मला असे वाटते’ आणि ‘मला तसे वाटत नाही’ यांच्यात विरून गेली असती. ती विरली नाही, याचे श्रेय एका व्हिडिओ गेमला जाते. ‘गिटार हिरो ३’ या गेममध्ये खेळणारा खेळण्यातली गिटार हातात घेऊन पडद्यावरील खुणांनुसार बटणे दाबतो, आणि त्याची चूक झाली की गाण्यातली गिटार तेवढी गप्प होते. यासाठी गेम बनवणाऱ्यांना प्रत्येक वाद्याचे ध्वनिमुद्रण स्वतंत्र द्यावे लागते. सगळी वाद्ये एकत्र झाल्यानंतर ज्या अखेरच्या टप्प्यावर सीडीचा आवाज छताला भिडवला गेला होता, तो टप्पा गेमसाठी दिलेल्या वाद्यांना लागलाच नाही. संपूर्ण ‘डेथ मॅग्नेटिक’ सीडी आली त्याच दिवशी या गेमसाठीही उपलब्ध झाला. चाहत्यांनी गेममधून निघणारा आवाज टिपला, सीडीशेजारी ठेवला आणि दोहोंची तरंगाकृती संगणकावर उघडली. गेमची आकृती सह्याद्रीच्या कड्यांसारखी खालीवर होत होती, तर सीडीची आकृती भाजलेल्या विटेसारखी चौकोनी आणि भरीव दिसत होती. मास्टरिंगचे, म्हणजे तयार मिश्रणावर अखेरचा हात फिरवण्याचे, काम करणारे ब्रिटिश तंत्रज्ञ इयन शेफर्ड यांनी ही तुलना जाहीरपणे मांडली. दोन आवृत्त्यांच्या मोठेपणात सुमारे १० डेसिबलचा फरक होता. डेसिबलचे कोष्टक सरळ बेरजेचे नसते. १० डेसिबल म्हणजे दसपट ऊर्जा, आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटणारा आवाज.

माझ्या मते या प्रकरणातील खरी मौज येथे आहे. एरवी चाहत्याला ‘यापेक्षा चांगले होऊ शकले असते’ असे म्हणता येते, दाखवता येत नाही, कारण न झालेला अल्बम कोणी ऐकलेला नसतो. येथे तीच गाणी, तेच वादन आणि तोच गायक असलेला, फक्त शेवटचा दाब वगळलेला दुसरा अल्बम पोरांच्या खेळण्यात सापडला होता.

मग दोष कोणाचा, याचा शोध सुरू झाला. पहिला संशय साहजिकच मास्टरिंग करणाऱ्यावर गेला. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांना एकमेकांच्या प्रमाणात बसवणे आणि मास्टरिंग म्हणजे तयार झालेल्या मिश्रणावर प्रसिद्धीपूर्वी फिरवलेला अखेरचा हात. ते काम न्यूयॉर्कचे नामांकित तंत्रज्ञ टेड जेन्सन यांनी केले होते. एका चाहत्याने त्यांना लिहून विचारले, तेव्हा गाणी आपल्याकडे आली तीच आधीच पूर्ण दाबलेल्या अवस्थेत आली, असे त्यांनी कळवले, आणि चाहत्यांशी आपण सहमत असल्याचेही सूचित केले. ते उत्तर चाहत्यांनी प्रसिद्ध केले. म्हणजे दाब मिक्सिंगच्याच पायरीवर पडला होता, आणि ती पायरी निर्माते रिक रुबिन यांच्या देखरेखीखालची होती. रुबिन हे नाव अशा वादात प्रथमच आले असेही नव्हते. त्यांनीच घडवलेल्या, रेड हॉट चिली पेपर्स या बँडच्या १९९९ च्या ‘कॅलिफॉर्निकेशन’बद्दलही फाटलेल्या आवाजाची हीच तक्रार झाली होती आणि तेव्हाही चाहत्यांनी निवेदन काढले होते. मेटॅलिकाचे ड्रमवादक लार्स अल्रिच यांनी मात्र माघार घेतली नाही. आपण अल्बम गाडीत लावून ऐकला, तो झकास वाटला, रुबिन यांचा हेतू आवाजात जिवंतपणा आणण्याचा होता आणि आपण त्यावर खूश आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. गाडीत, म्हणजे पुन्हा गोंगाटात, हे येथे नोंदवून ठेवतो.

मेटॅलिकाच्या चाहत्यांचा कान इतका तिखट का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात या बँडचा बासवादक, म्हणजे खर्जातली गिटार वाजवणारा, क्लिफ बर्टन याचा मृत्यू झाला आणि जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी आला. न्यूस्टेडच्या सहभागाचा पहिला पूर्ण अल्बम, १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’, ऐकताना त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्सिंग करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे सांगितले की, बास खाली नेण्याची सूचना अल्रिच यांची होती. कारणांविषयी तेव्हापासून वाद चालू आहे, पण चाहत्यांना या अल्बमने एक सवय लावली, ती म्हणजे गाण्यातून काय ऐकू येत नाही, हे शोधण्याची. संगणक हाताशी आल्यावर अनेकांनी बास वर उचलून आपापली मिश्रणे तयार केली. २०१८ मध्ये अल्बमची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हाही बँडने मूळ मिश्रणाला हात लावला नाही.

२००३ च्या ‘सेंट अँगर’ने ही सवय पक्की केली. स्नेअर या ड्रमच्या खालच्या कातड्याला बारीक तारा लागून असतात आणि त्यांच्यामुळे त्याला तो ओळखीचा चुरचुरीत, तुटक नाद मिळतो. अल्रिच यांनी त्या तारा सैल सोडून वाजवले आणि त्यातून निघालेला टणत्कार पत्र्याचा डबा बडवल्यासारखा ऐकू येतो. त्यात सोलो एकही नाही. काही चाहत्यांनी तर सगळाच अल्बम स्वतः वाजवून, नव्या स्नेअरसह पुन्हा ध्वनिमुद्रित केला. या अल्बमच्या शीर्षकगीताला ग्रॅमी पुरस्कार मिळाला होता हेही खरे, आणि पुरस्कार देणारे व रोज ऐकणारे एकाच गोष्टीला किती वेगळे कान लावतात, याचा तो चांगला नमुना आहे.

तेव्हा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तो अशा श्रोत्यांच्या हाती. वीस-पंचवीस वर्षे एकाच बँडला ऐकणाऱ्या माणसाकडे तुलनेसाठी त्याच बँडचे आधीचे अल्बम असतात, ते त्याच्या घरच्या त्याच स्पीकरवर शेकडो वेळा वाजलेले असतात आणि त्याचा हात आवाजाच्या खुंटीवर नेमका कुठे थांबतो, हे त्याला डोळे मिटून माहीत असते. नवी सीडी लावल्यावर तीच खुंटी बरीच खाली आणावी लागली आणि तरीही समाधान झाले नाही, तर काहीतरी बिनसल्याचे त्याला तंत्राचा एकही शब्द माहीत नसताना कळते. नव्या श्रोत्याकडे हा मापदंड नसतो. ज्येष्ठ कलावंताच्या चाहत्यांची ही ताकदही आहे आणि दुखणेही, कारण हाच मापदंड कलावंताने मुद्दाम केलेल्या बदलालाही चूक ठरवू शकतो.

चाहत्यांत एकमत होते असे मात्र समजू नये. हेवी मेटल हे संगीतच मुळी अतिरेकाचे आहे, त्यात आवाज फाटलेला असणे हा रांगडेपणाचा भाग आहे, आणि गिटारचा आवाजही अखेर मुद्दाम फाडलेलाच असतो, असे म्हणणारेही बरेच होते. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो अर्धवट आहे. गिटारचा आवाज फाडतो तो वादक, आपल्या अँप्लिफायरची खुंटी हाताने फिरवून, हव्या त्या स्वरावर आणि हवा तेवढाच. अखेरच्या मिश्रणातील क्लिपिंग ड्रम, गाणे, झांजा अशी निवड करत नाही, छताला जे लागेल ते कापते. या अल्बममधील ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ हे गाणे शांत, स्वच्छ गिटारने सुरू होते आणि हळूहळू तापत जाऊन शेवटी उधळते. मेटॅलिकाने ही रचना १९८४ पासून वेळोवेळी वापरली आहे आणि तिचा सगळा परिणाम लहान व मोठ्या आवाजातील अंतरावर उभा आहे. अंतरच मिटवले, तर गाणे उधळते तेव्हा ते मोठे होत नाही, फक्त दाट होते. विलंबित ख्यालात पहिला षड्ज आणि अखेरची तान एकाच पातळीवर ऐकवली तर रसिकाला जे वाटेल, तेच येथे वाटते.

या गदारोळाचा परिणाम दोनच महिन्यांत दिसला, पण तो दुसऱ्याच बँडच्या घरी. गन्स एन’ रोझेसचा वर्षानुवर्षे रखडलेला ‘चायनीज डेमॉक्रसी’ हा अल्बम नोव्हेंबर २००८ मध्ये यायचा होता. त्याचे मास्टरिंग करणारे बॉब लडविग यांनी वेगवेगळ्या प्रमाणात दाबलेल्या तीन आवृत्त्या पुढे ठेवल्या, आणि बँडचा गायक अॅक्सल रोझ व त्याच्या सहकाऱ्याने सर्वांत कमी दाबलेली निवडली. ‘डेथ मॅग्नेटिक’वरील चाहत्यांच्या नाराजीचा हा निर्णय होण्यात वाटा होता, असे लडविग यांनीच नंतर लिहिले. खुद्द ‘डेथ मॅग्नेटिक’ची थोडी मोकळी झालेली आवृत्ती २०१५ मध्ये आयट्यून्सवर आली.

शर्यतीचा जोर ओसरला तो मात्र निवेदनांमुळे नव्हे, मोजपट्टी बदलल्यामुळे. लहरीच्या शेंड्याऐवजी कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ मध्ये ठरली आणि युरोपातील प्रसारकांनी २०१० मध्ये तिच्यावर आधारलेला नियम स्वीकारला. पुढे गाणी इंटरनेटवरून ऐकण्याची सोय देणाऱ्या सेवांनी तेच तत्त्व उचलले. स्पॉटिफाय प्रत्येक गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजते आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी एकाच ठरावीक पातळीवर आणून ठेवते. म्हणजे कोणी आपले गाणे कितीही छताला भिडवून पाठवले, तरी ऐकवताना त्याची खुंटी खाली केली जाते. मोठेपणाचा फायदा जातो आणि कापलेले शेंडे तेवढे पदरात राहतात.

३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजली, तेव्हा दोनच दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झालेला होता, आणि मुंबई-पुण्याकडचे कितीतरी चाहते रात्रभराचा प्रवास करून बंगळूरला पोहोचले होते. मैदानावरच्या त्या आवाजाला सीडीचे छत नव्हते.

घरी फरक पडताळून पाहायचा असेल तर एक अट पाळावी लागते. ‘डेथ मॅग्नेटिक’ आणि १९९१ चा मेटॅलिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम, किंवा मिळाल्यास गेममधून टिपलेली आणि चाहत्यांच्या हातोहाती अजून फिरणारी आवृत्ती, दोन्ही सारख्याच मोठ्या ऐकू येतील अशी खुंटी आधी जुळवून घ्यावी. तसे न केल्यास मोठा आवाज कानाला पुन्हा फसवेल. मग ड्रमच्या ठोक्याकडे लक्ष ठेवावे. एकीकडे ठोका गिटारच्या भिंतीतून पुढे येऊन छातीवर आदळतो. दुसरीकडे ठोका पडायच्या जागी किंचित चरचर होते आणि भिंत क्षणभर आत दबल्यासारखी वाटते.